हाडातून ऐकू येते, पण कोणाला?

दर काही महिन्यांनी देशाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून एक बातमी येते. राज्य बदलते, महाविद्यालय बदलते, उपकरणाचे नाव बदलते. मथळा मात्र तोच राहतो : ‘आता बहिऱ्यांनाही ऐकू येणार’. कधी ते उपकरण चष्म्याच्या दांडीत बसवलेले असते, कधी डोक्याच्या पट्ट्यात, कधी टोपीत. बातमीत तत्त्वही सांगितलेले असते : ध्वनी कानातून न जाता कवटीच्या हाडातून थेट आत जातो, म्हणून निकामी कानाची गरजच उरत नाही. सोबत एक छायाचित्र असते, किमतीचा एक आकडा असतो आणि परदेशी यंत्रे किती महाग आहेत याची तुलना असते. एक गोष्ट मात्र बहुतेकदा नसते. हे यंत्र किती डेसिबलपर्यंतच्या आणि कोणत्या प्रकारच्या श्रवणदोषाला चालते, हे कुणी विचारलेले नसते आणि कुणी सांगितलेलेही नसते.

हा तपशील किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. चष्म्याच्या बातमीत ‘याने आंधळ्यांना दिसेल’ असे कुणी छापले तर शाळकरी मुलेही हसतील. श्रवणाच्या बाबतीत तेवढेच चुकीचे विधान विज्ञानवार्ता म्हणून खपते, शेकडो वेळा पुढे पाठवले जाते आणि शेवटी एखाद्या घरात पोहोचते, जिथे जन्मतः न ऐकणाऱ्या मुलाचे आईवडील पुढचे पाऊल कोणते टाकावे या विवंचनेत असतात. तिथे या चुकीची किंमत महिन्यांत आणि वर्षांत मोजली जाते.

प्रथम तत्त्व नीट मांडायला हवे, कारण सगळा घोटाळा अर्ध्या तत्त्वातून उद्भवतो. अस्थिवहन, म्हणजे हाडातून होणारे ध्वनीचे वहन, ही खरी आणि जुनी गोष्ट आहे. कवटी कंप पावली की अंतःकर्णातील द्रव हलतो आणि कॉक्लियाच्या केशपेशी चेतवल्या जातात. गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी 1932 साली हवेतून आणि हाडातून आलेले दोन स्वर एकमेकांना रद्द करू शकतात हे प्रयोगाने दाखवले. कॉक्लियाच्या आतली हालचाल दोन्ही वाटांनी एकाच प्रकारची असते, असा त्याचा अर्थ. वाट वेगळी, मुक्काम एकच. हाडातून आलेला ध्वनी बाह्यकर्ण आणि मध्यकर्ण टाळतो. कॉक्लिया टाळत नाही. कॉक्लियाच निकामी असेल तर हाडातून पाठवलेला ध्वनीही त्याच बंद दारावर येऊन थांबतो.

म्हणून श्रवणदोषाचे प्रकार वेगळे करून पाहणे ही पहिली अट ठरते. कानाची नळी जन्मतः बंद असणे, पडद्याला भोक असणे, मध्यकर्णातील नाजूक हाडांची साखळी तुटलेली किंवा घट्ट झालेली असणे, कान सतत वाहत असणे, या साऱ्यांत कॉक्लिया ठणठणीत असू शकते. बिघाड वाटेत असतो. हा वहनजन्य दोष. केशपेशी किंवा श्रवणचेता बिघडल्या असतील तर तो संवेदी-चेताजन्य दोष. वय, प्रचंड गोंगाट, काही औषधे, जन्मजात कारणे यांनी होणारा बहुतेक बहिरेपणा या गटात मोडतो. दोन्ही एकत्र असतील तर मिश्र दोष. ऑडिओग्रामवर हवेतून मोजलेला श्रवण-उंबरठा आणि हाडातून मोजलेला श्रवण-उंबरठा असे दोन आलेख काढतात. त्यांच्यातील अंतर म्हणजे वाटेतला बिघाड. हाडाचा आलेख जितका खाली गेला तितका कॉक्लियाचा आणि चेतेचा बिघाड. अस्थिवहन यंत्र कोणाला चालेल याचे उत्तर दुसऱ्या आलेखात असते. ‘माझा मुलगा सत्तर डेसिबल बहिरा आहे, हे यंत्र चालेल का?’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. सत्तरपैकी हाडाचा उंबरठा वीसवर असेल तर यंत्र उत्तम चालेल. तो सत्तरवरच असेल तर पैसे पाण्यात गेले.

आता मर्यादांकडे. त्या दोन आहेत आणि बातम्यांत दोन्ही गायब असतात.

पहिली मर्यादा बलाची. हवेतल्या ध्वनीचे माप दाबात होते, हाडातल्या ध्वनीचे माप बलात. कानामागच्या हाडावर कंपक ठेवून निरोगी माणसाला जेमतेम ऐकू येण्यासाठी किती बल लागते, याची आंतरराष्ट्रीय प्रमाणित मूल्ये उपलब्ध आहेत. 1000 हर्ट्झला ते 1 मायक्रोन्यूटनच्या तुलनेत 42.5 डेसिबल, म्हणजे सुमारे 133 मायक्रोन्यूटन. 250 हर्ट्झला 67 डेसिबल, म्हणजे सुमारे 2240 मायक्रोन्यूटन. आता 60 डेसिबलचा अस्थिवहन उंबरठा असलेल्या व्यक्तीला नुसता स्वर जाणवायचा तर या मूल्यांच्या हजारपट बल हवे : 1000 हर्ट्झला सुमारे 0.13 न्यूटन आणि 250 हर्ट्झला सुमारे 2.2 न्यूटन. तेही केवळ उंबरठ्यावर, बोलणे समजण्याइतके नव्हे. गव्हाच्या दाण्याएवढ्या विद्युतघटावर चालणाऱ्या, कानामागे मावणाऱ्या कंपकाकडून दर सेकंदाला अडीचशे वेळा दोन न्यूटनांहून अधिक बल मागणे म्हणजे सायकलच्या डायनॅमोवर पिठाची गिरणी चालवण्याचा हट्ट आहे.

बोलण्याचा स्वतःचाही एक पसारा असतो. त्यातील सर्वांत मृदू आणि सर्वांत ठळक भागांत सुमारे 30 डेसिबलचे अंतर असते. समजा, एखाद्या यंत्राची कमाल पातळी 70 डेसिबल आहे आणि व्यक्तीचा अस्थिवहन उंबरठा 20 आहे. मग 50 डेसिबलची जागा मिळते. बोलणे त्यात सुखाने मावते. उंबरठा 45 असेल तर 25 डेसिबलच उरतात आणि बोलण्याची एक कड कापली जाते. उंबरठा 65 असेल तर उरलेल्या 5 डेसिबलच्या फटीतून भाषा आत शिरत नाही. व्यक्तीला ‘काहीतरी वाजले’ एवढे कळेल, शब्द कळणार नाही. ‘ऐकू आले’ आणि ‘समजले’ यांतला हा फरक लपवला की कोणतेही यंत्र चमत्कारी ठरवता येते.

त्यात त्वचेची भर पडते. कंपक कातडीवरून दाबला असेल तर मधल्या मऊ ऊतींत कंपने शोषली जातात, आणि साधारण 1000 ते 2000 हर्ट्झच्या वर ही घट 10 ते 20 डेसिबलपर्यंत जाते. नेमक्या याच वरच्या पट्टीत स, श, च, त यांसारख्या व्यंजनांची ओळख दडलेली असते. घट कमी करायची तर पट्टा घट्ट हवा. प्रयोगशाळेतील मोजमापासाठी कंपक 5.4 न्यूटन बलाने दाबतात. म्हणजे कानामागे सुमारे साडेपाचशे ग्रॅमचे वजन. तपासणीच्या वीस मिनिटांपुरते ते सोसते, शाळेच्या सहा तासांत नाही. सैल पट्टा सुखाचा पण मंद, घट्ट पट्टा स्पष्ट पण दुखरा. ही ओढाताण अभियांत्रिकीतील हुशारीने थोडी कमी होते, नाहीशी होत नाही.

दुसरी मर्यादा फीडबॅकची. सभागृहात ध्वनिवर्धकासमोर मायक्रोफोन आला की कर्कश किंकाळी उठते, ती सर्वांच्या परिचयाची आहे. अस्थिवहन यंत्रात मायक्रोफोन आणि कंपक एकाच नखाएवढ्या पेटीत शेजारी राहतात. कंपकाने हाडाला ढकलले की प्रतिक्रिया म्हणून पेटीही हलते. पेटी हलली की मायक्रोफोन हलतो. शिवाय पेटीचे आवरण आणि डोक्याची त्वचा यांतून थोडा ध्वनी हवेत निसटतो आणि पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. ध्वनीपासून बल, बलापासून पुन्हा ध्वनी, असा हा फेरा. फेऱ्यातील एकूण वर्धन एकाला पोहोचले आणि परतणारी लहर मूळ लहरीशी कलेने जुळली, की यंत्र स्वतःचाच आवाज ऐकू लागते आणि शिट्टी सुरू होते. परतीच्या वाटेवर ध्वनी जर 35 डेसिबलने क्षीण होत असेल, तर यंत्राचे वर्धन 35 डेसिबलला टेकता कामा नये. प्रत्यक्षात त्याच्या काही डेसिबल खालीच थांबावे लागते, कारण शिट्टी फुटण्याआधीच ध्वनी खणखणीत, घुमल्यासारखा आणि विद्रूप होऊ लागतो. व्यक्तीने टोपी घातली, डोके उशीला टेकवले, आईने मुलाला कुशीत घेतले, की परतीची वाट बदलते आणि काल स्थिर असलेले यंत्र आज ओरडू लागते.

आधुनिक यंत्रांत अंकीय फीडबॅक-निवारण असते. परतणाऱ्या लहरीचा अंदाज घेऊन तिच्या उलट कलेची लहर मिसळली जाते आणि साधारण 10 डेसिबल किंवा थोडे अधिक वर्धन पदरात पडते. हे मोलाचे आहे, पण फुकट नाही. लांबलेला, एकसुरी स्वर हा बाहेरचा की फेऱ्यातला, हे गणिताला दरवेळी ओळखता येत नाही. तानपुरा, बासरी, देवळातली घंटा यांचे स्वर यंत्राला फीडबॅक वाटू शकतात आणि ते त्यांना कापू किंवा विद्रूप करू लागते. मर्यादा पुढे सरकते. मर्यादा संपते असे नाही.

या दोन मर्यादा एकच नव्हेत, आणि हे नीट समजून घेण्यासाठी या क्षेत्राचा इतिहास उपयोगी आहे. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना 1950च्या दशकात टायटॅनियम हाडाशी एकजीव होते असे आढळले. त्याच आधारावर गोथेनबर्ग येथे 1977 साली पहिल्या रुग्णांच्या कानामागे टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कंपक जोडण्यात आला. कातडीचा अडसर गेला, वरच्या पट्टीतील घट गेली. पुढे त्वचेखाली संपूर्ण कंपकच बसवण्याची पद्धत आली. तिच्यात मायक्रोफोन बाहेर आणि कंपक हाडात, म्हणजे फीडबॅकची वाट बरीच दुबळी. तरीही 2012 साली बाजारात आलेल्या ‘बोनब्रिज’ या अशा यंत्रासाठी अस्थिवहन उंबरठ्याची मर्यादा 45 डेसिबलच ठेवली गेली. फीडबॅक सुटला तरी बलाची मर्यादा तिथेच होती.

उत्पादकांनी स्वतः जाहीर केलेले आकडेच पाहावेत. चिकटपट्टीने कानामागे लावायच्या ‘ॲडहियर’साठी अस्थिवहन उंबरठा 25 डेसिबलपर्यंत. स्क्रूवर बसणाऱ्या ‘बाहा’ आणि ‘पोन्टो’ मालिकांतील साध्या यंत्रांसाठी 45, जास्त शक्तीच्या यंत्रांसाठी 55, आणि सर्वांत शक्तिमान यंत्रांसाठी 65. त्वचेखाली दाबविद्युत कंपक असणाऱ्या ‘ओसिया’साठी 55. एका कानाचे श्रवण पूर्ण गेलेल्यांसाठी हीच यंत्रे वापरतात तेव्हा दुसऱ्या, चांगल्या कानाचा उंबरठा 20 डेसिबल किंवा त्याहून चांगला असावा अशी अट असते. कारण बहिऱ्या बाजूचा ध्वनी कवटीतून पलीकडच्या निरोगी कॉक्लियाकडे पोहोचवायचा असतो. सुमारे अर्ध्या शतकाचे संशोधन, शल्यक्रिया, टायटॅनियम आणि अंकीय संस्करण या सर्वांच्या अखेरीस माणूस 65वर पोहोचला आहे. आणि बातमीतला तीन महिन्यांत बनलेला चष्मा ‘पूर्ण बहिऱ्यांना’ ऐकवतो! असा दावा करणाऱ्याने एक तर भौतिकशास्त्र उलथवले आहे, नाही तर मोजमापच केलेले नाही. पहिली शक्यता असती तर बातमी स्थानिक पुरवणीत आली नसती.

मग ती प्रात्यक्षिके कशी यशस्वी होतात? दोन साध्या फसगतींमुळे, आणि बहुतेकदा करणाऱ्याच्याही नकळत. पहिली अशी : मंचावरचा पाहुणा कानात बोटे घालतो, यंत्र लावतो आणि आश्चर्याने मान डोलावतो. त्याची कॉक्लिया निरोगी असते. बोटांनी त्याने फक्त तात्पुरता वहनजन्य दोष निर्माण केलेला असतो. वर बंद कानात खालच्या पट्टीचे अस्थिवहन उलट अधिक जोरकस जाणवते. या प्रयोगातून सिद्ध होते ते एवढेच की पाहुण्याचा अंतःकर्ण चांगला आहे. दुसरी फसगत अधिक करुण आहे. तीव्र बहिरेपण असलेल्या मुलाला यंत्र लावतात, ढोल किंवा टाळी वाजवतात, मूल दचकून पाहते आणि चलचित्र देशभर फिरते. पण कंपनांचा स्पर्श त्वचेलाही कळतो. 250 हर्ट्झची कंपने तीस-चाळीस डेसिबलच्या आसपासच कातडीला जाणवू लागतात, 500 हर्ट्झची पंचावन्न-साठच्या आसपास. ते मूल ऐकत नसून स्पर्शाने ओळखत असू शकते. श्रवणतज्ज्ञ तपासणी करताना ही शक्यता नेहमी हिशेबात धरतात. कॅमेरा धरत नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो : तरुण मुले काहीतरी बनवत आहेत, गरिबांसाठी स्वस्त बनवत आहेत, त्यांचा हिरमोड कशाला? आक्षेपात चांगुलपणा आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. विद्यार्थ्यांच्या श्रमांवर टीका नाहीच. अस्थिवहन कंपक बनवणे हा उत्तम प्रकल्प आहे. त्यात यांत्रिकी आहे, अनुनाद आहे, नियंत्रणशास्त्र आहे. टीका आहे ती मार्गदर्शकांवर, ज्यांनी विद्यार्थ्यांना कृत्रिम मॅस्टॉइडवर बल मोजायला लावले नाही. आणि विज्ञानवार्ताहरांवर, ज्यांनी ‘किती?’ हा विज्ञानातला पहिला प्रश्न विचारला नाही. वारंवारतेनुसार कमाल बलाचा एक आलेख, स्थिर वर्धनाचा दुसरा आलेख आणि त्यांवरून काढलेली उंबरठ्याची मर्यादा, एवढे असते तर तोच प्रकल्प ‘30 डेसिबलपर्यंतच्या अस्थिवहन उंबरठ्यासाठी स्वस्त यंत्र’ म्हणून प्रामाणिकपणे उभा राहिला असता, आणि खरोखर कुणाच्या तरी उपयोगी पडला असता. अतिशयोक्तीने विद्यार्थ्यांचा सन्मान होत नाही. त्यांच्या कामाचा खरा उपयोग हरवतो.

दुसरा आक्षेप बाजाराचा. व्यायामासाठी मिळणारे अस्थिवहन हेडफोन ‘ऐकू न येणाऱ्यांसाठीही’ अशा जाहिरातीसह सर्रास विकले जातात. काहींना फायदा होतोच ना? होतो. सौम्य वहनजन्य दोष असलेल्या व्यक्तीला त्यावर दूरध्वनी आणि गाणी चांगली ऐकू येतात. पण ते श्रवणयंत्र नव्हे. श्रवणयंत्र भोवतालचा आवाज टिपते, व्यक्तीच्या आलेखाप्रमाणे वारंवारतेवार वाढवते, कमाल पातळीला आवर घालते आणि फीडबॅक रोखते. भारतात 1 एप्रिल 2020पासून सर्व वैद्यकीय उपकरणे नियमनाच्या कक्षेत आली आहेत. वस्तू विकायची ग्राहकोपयोगी हेडफोन म्हणून आणि जाहिरात करायची वैद्यकीय गुणाची, ही पळवाट 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या तरतुदींखाली तपासली जायला हवी.

आणि आता या सगळ्यातील खरी शोकांतिका. भारतात अस्थिवहन यंत्रांची गरज मोठी आणि खरी आहे. ती नेमकी त्या लोकांची आहे ज्यांचा उल्लेख या बातम्यांत येतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2004च्या अहवालात दीर्घकालीन कान वाहण्याच्या आजाराबाबत भारताला सर्वाधिक प्रमाणाच्या, म्हणजे लोकसंख्येच्या 4 टक्क्यांहून अधिक, अशा गटात ठेवले होते. ‘कान फुटणे’ हा शब्द खेड्यापाड्यांत घरोघरी माहीत असण्याचे कारण हेच. वाहत्या कानात साच्याचे यंत्र घट्ट बसवले की हवा खेळत नाही आणि कान अधिकच वाहतो. त्या कानाला हाडाची वाट हवी. कानाची पाळी आणि नळी नीट न घडलेली बालके दहा हजार जन्मांमागे साधारण एक ते तीन असतात. नळीच नसेल तर नेहमीचे यंत्र बसवायचे कुठे? यांची कॉक्लिया बहुधा चांगली असते. मऊ पट्ट्यावरचा साधा कंपक त्यांना शल्यक्रियेशिवाय, वयाच्या पहिल्या वर्षातच भाषेच्या जगात आणू शकतो. अस्थिवहनाने जवळजवळ पूर्ण न्याय मिळावा अशी मुले हीच. मथळा मात्र ‘पूर्ण बहिऱ्यां’चा असतो.

कायद्याचीही इथे एक विचित्र अडचण आहे, आणि ती भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. हवेतला ध्वनी उंबरठ्याच्या सुमारे 60 डेसिबल वर गेला की तो कवटीलाच हलवू लागतो आणि बंद कानाला वळसा घालून आत पोहोचतो. म्हणून निव्वळ वहनजन्य दोष कितीही पूर्ण असला तरी साधारण 60 डेसिबलच्या पुढे जात नाही. निसर्गाने घातलेली ही कमाल मर्यादा. आता दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016चे परिशिष्ट पाहावे : दोन्ही कानांत बोलण्याच्या वारंवारतांना 70 डेसिबल दोष म्हणजे ‘बहिरे’ आणि 60 ते 70 डेसिबल म्हणजे ‘कमी ऐकू येणारे’. कायद्याचे दार जिथे सुरू होते, तिथेच वहनजन्य दोष संपतो. दोन्ही कानांच्या नळ्या बंद असलेले 56 डेसिबलचे मूल वर्गात शिक्षिकेचे साधे बोलणे जेमतेम ऐकते, पण या व्याख्येच्या उंबऱ्याबाहेर उभे राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या श्रवणविषयक अहवालात चांगल्या कानात 35 डेसिबलहून अधिक दोष असलेल्यांना पुनर्वसनाची गरज असलेले मानले आहे. 35 आणि 60 यांमधील ही दरी केवळ प्रशासकीय नाही. तिच्यात मुलांच्या बालवाड्या आणि पहिलीचे वर्ग जातात.

केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कॉक्लियर इम्प्लांटसाठी एका बालकामागे लाखो रुपयांची मदत दिली जाते आणि ती योग्यच आहे. पण ज्यांच्या कॉक्लिया शाबूत आहेत त्यांच्यासाठी मऊ पट्ट्याच्या यंत्रांचा, त्यांच्या मोजमापाचा आणि देखभालीचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत कुठे आहे? म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आणि मुंबईची अली यावर जंग संस्था यांसारख्या राष्ट्रीय संस्था देशात आहेत, म्हणजे मोजमापाचे ज्ञान देशाबाहेरून आणायचे नाही. ज्या महाविद्यालयात कंपक बनतो तिथून अशा संस्थेपर्यंत एक रेल्वे प्रवास आणि एक पत्र, एवढेच अंतर असते. ते कापले जात नाही, कारण मोजलेल्या यंत्राची बातमी होत नाही. न मोजलेल्या चमत्काराची होते.

शेवटी, दिरंगाईची किंमत. नवजाताच्या श्रवणाबाबत जगभर मान्य असलेला दंडक असा : पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराची सुरुवात. तीव्र चेताजन्य दोष असलेल्या मुलाच्या आईवडिलांनी ‘हाडातून ऐकवणाऱ्या चष्म्या’वर भरवसा ठेवून एक वर्ष घालवले, तर ते वर्ष पैशाने परत येत नाही, कॉक्लियर इम्प्लांट असो वा खूणभाषा, मेंदूला भाषा मिळण्याचा काळ उलटून जातो. आणि वहनजन्य दोष असलेल्या मुलाच्या आईवडिलांपर्यंत ‘तुमच्या मुलासाठी साधा उपाय आहे’ ही खरी बातमी पोहोचलीच नाही, तर त्यांचेही वर्ष जाते. एकाच मथळ्याने दोन्ही मुलांचे नुकसान होते : एकाला खोटी आशा मिळते, दुसऱ्याची खरी आशा झाकली जाते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आणि वाचकांनी यापुढे अशी बातमी दिसताच ती पुढे पाठवण्याआधी पाच प्रश्न विचारावेत.

1. हे यंत्र वहनजन्य, चेताजन्य की मिश्र दोषासाठी आहे?
2. अस्थिवहन उंबरठ्याची मर्यादा किती डेसिबल, आणि ती कोणत्या वारंवारतांना?
3. कमाल बल कशावर मोजले : कृत्रिम मॅस्टॉइडवर, की पाहुण्याच्या चेहऱ्यावर?
4. फीडबॅक सुरू होण्याआधी किती वर्धन मिळते, आणि टोपी घातल्यावर किती?
5. यश ‘आवाज जाणवला’ यावर ठरवले, की ‘शब्द ओळखले’ यावर?

ज्या बातमीत यांपैकी एकाचेही उत्तर नाही, ती विज्ञानवार्ता नव्हे, जाहिरात आहे. मग ती कितीही राष्ट्राभिमानाने लिहिलेली असो. आणि ज्यांच्या घरात असा प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे, त्यांनी पाकीट उघडण्याआधी एक साधी चौकशी करावी. 512 हर्ट्झचा नादकाटा कानामागच्या हाडावर टेकवून मग कानासमोर धरायचा. कुठे मोठा ऐकू येतो ते विचारायचे. रिने यांनी 1855 साली सांगितलेली ही कसोटी आजही कानाच्या डॉक्टरांच्या टेबलावर असते. हाडावर मोठा ऐकू आला तर वाटेत बिघाड असण्याची शक्यता आहे आणि पुढे आशा आहे. पण हा कौल अंतिम मानू नये. एक कान पूर्ण निकामी असेल तर पलीकडचा चांगला कान हाडाचा आवाज चोरून ऐकतो आणि उत्तर फसवे येते. म्हणून लगेच पुढे मास्किंगसह पूर्ण ऑडिओग्राम काढावा, त्यातील हाडाचा आलेख स्वतः पाहावा आणि त्यावरचा आकडा वहीत लिहून ठेवावा. विक्रेत्यासमोर, वार्ताहरासमोर आणि सरकारी खिडकीसमोर तो आकडा ठेवून एकच विचारावे : या आकड्याला तुमचे यंत्र पुरते का?